आमच्या गावाची दत्तक बोट

आमच्या गावात जन्माला आलेल्या एकाही माणसाला माझ्या बायकोच्या मावशींसमोर ताठ मानेनं उभं राहता येत नाही. गाव म्हणजे इंग्लंडातल्या हॅम्पशरमधलं, बेसिंगस्टोकपासून ट्रेननं वीसेक मिनिटांवरचं. एक हाय स्ट्रीट, दोन चर्च, एक तळं आणि, का कोण जाणे, सात न्हावी. मावशी इथल्या सरकारी हॉस्पिटलात तीस-पस्तीस वर्षं मिडवाइफ होत्या आणि त्या काळात गावात जे कोणी आले ते बहुतेक त्यांच्या हातांतून आले. तुम्हीआम्ही माणसं नावानं किंवा चेहऱ्यानं लक्षात ठेवतो. मावशी ती वजनानं आणि आगमनाच्या पद्धतीनं लक्षात ठेवतात. "तो बँकेतला ना? सहा पौंड दोन औंस. आणि ती केमिस्टकडची, फोर्सेप्स." एकदा त्यांच्या गाडीवर पार्किंगचं तिकीट लावायला आलेल्या वॉर्डनचा त्यांनी भर रस्त्यात हात धरला. "डॅरेन, तुझ्या आईजवळ मी नाइन्टीन आवर्स उभी होते. आणि तू मला दहा मिनिटं देत नाहीस?" सहा फुटी डॅरेननं तिकीट मुकाट्यानं खिशात घातलं आणि वर सॉरी म्हटलं. कौन्सिलचे प्रमुख तर पायाळू निघाले. नव्या बसस्टॉपच्या उद्घाटनाला आभाळ भरून आलं तेव्हा मावशींनी पन्नास लोकांदेखत त्यांना बजावलं, की पायाळू माणसानं विजा चमकताना उघड्यावर उभं राहू नये, आणि त्यांचा जन्म कसा पायांकडून झाला हे जमलेल्यांना हातवारे करून समजावून दिलं. त्या दिवसापासून ते गृहस्थ मावशी दिसल्या की रस्ता ओलांडतात.

मावशींचा दुसरा गुण म्हणजे त्या कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत वाचत नाहीत. पत्र आलं की पहिली ओळ वाचायची, चष्मा काढायचा आणि मत बनवून टाकायचं. "सुरुवात बघितली की पुढचं मला दिसतंच. मग उगाच कशाला संपवायचं?" हॉस्पिटलकडून एकदा 'आम्हाला खेद वाटतो' अशा सुरुवातीचं पत्र आलं, तेव्हा मावशी तडक तिथे जाऊन मॅनेजरला अर्धा तास फैलावर घेऊन आल्या. खेद याचा होता की त्यांना निवृत्तीनिमित्त द्यायचा पुष्पगुच्छ उशिरा निघाला होता. पुष्पगुच्छ आला. मावशी तोही 'बोलले म्हणून आला' असंच धरून चालल्या. मी पुण्याहून वर्क व्हिसावर आलो तेव्हा पहिले दोन महिने त्यांच्याकडे राहिलो. त्यांनी माझं ऑफर लेटरही असंच पहिल्या ओळीपुरतं वाचलं आणि लंडनच्या हॅरो-एजवेअरपर्यंतच्या समस्त मराठी मंडळींना फोन करून सांगितलं, की जावई मोठ्या कंपनीचे डायरेक्टर झाले. ते पत्र डायरेक्टरला उद्देशून होतं. मला नुसती त्याची प्रत आली होती.

निवृत्त झाल्यावर मावशी गावाच्या इतिहास मंडळात जाऊ लागल्या, कारण तिथली बिस्किटं बरी असतात. मंडळात सगळे ऐंशीच्या आसपासचे. सेक्रेटरीची निवड झाली तेव्हा मावशी सोडून बाकीचे डुलक्या घेत होते, त्यामुळे त्या बिनविरोध निवडून आल्या. पहिल्याच आठवड्यात जुनी कपाटं उपसताना त्यांना कळलं, की लायब्ररीच्या दारात लटकणारी पितळी घंटा ही नुसती घंटा नव्हे, ती आमच्या गावच्या बोटीची आहे.

तर त्याची हकिगत अशी. महायुद्धाच्या वेळी सरकारनं टूम काढली होती, की प्रत्येक गावानं आठवडाभर बचतपत्रांचे पैसे गोळा करावेत, आणि जे गाव ठरलेली रक्कम जमवेल त्यानं आरमाराची एक बोट दत्तक घ्यावी. आमच्या गावापासून समुद्र पुष्कळ लांब. पाणी म्हणाल तर ते एक तळं आणि त्यात बदकं. पण उत्साहाला भरती आली होती. शेजारच्या गावानं डिस्ट्रॉयर, म्हणजे मोठी लढाऊ बोट, घेतली म्हणताच आमच्यांनीही डिस्ट्रॉयरचीच हाव धरली. बँड निघाला, पोरांनी खाऊचे पैसे आणले, कुणीशा शेतकऱ्यानं डुक्कर लिलावात काढलं, एका पाद्रीबाबांनी पैजेवर दाढी उतरवली. आठवडा संपला आणि हिशेब झाला, तेव्हा डिस्ट्रॉयरच्या जागी समुद्रातले सुरुंग काढणारी एक आखूड बोट पदरात पडली. गावानं क्षणभर तोंड वाकडं केलं आणि लगेच तिला पोटाशी धरलं. बायकांनी खलाशांसाठी इतके मोजे विणले, की बोटीवरून शेवटी पत्र आलं, आभारी आहोत, आता पायांपेक्षा मोजे जास्त झाले. आमची बोट लढाईत बुडाली नाही की कुणाला तिनं बुडवलं नाही. युद्ध संपेतो ती इमानानं सुरुंग काढत राहिली, पुढं भंगारात गेली, आणि आरमारानं तिची घंटा गावाला पाठवून दिली. बोटीचं खरं नाव एका स्कॉटिश खेड्याचं होतं आणि उच्चारताना घसा खरवडत होतं. मावशींनी एक दिवस प्रयत्न केला आणि मग तिचं नाव 'चिंगी' ठेवलं.

इथून पुढं गावाची शांतता संपली. मावशींचं म्हणणं एकच. मुलगी दत्तक घ्यायची, गाजावाजा करायचा, आणि मग तिला दारात टांगून विसरून जायचं, ही काय रीत झाली? इंग्रज लोक बोटीला 'शी' म्हणतात हे त्यांना पुरेसं होतं. पुढच्या संक्रांतीला त्या खण, तांदूळ, नारळ आणि हळदकुंकू घेऊन लायब्ररीत हजर झाल्या आणि स्टुलावर चढून त्यांनी घंटेला कुंकू लावलं. लायब्ररियन एमा ही चार पौंडांची, दिवस भरण्याआधी आलेली, म्हणून मावशी तिच्याशी जरा मऊ वागतात. ती बिचारी हात चोळत म्हणाली, तांदळानं उंदीर येतील, नारळ कुणाच्या डोक्यात पडेल, शिवाय कुणाला ॲलर्जी असली तर. मावशी म्हणाल्या, "एमा, डिअर, तू काचेच्या पेटीत तीन आठवडे होतीस. तुला काय झालं? काही नाही ना?" शेवटी तडजोड निघाली. ओटी झाकणाच्या डब्यात घंटेखाली राहील आणि डब्यावर कौन्सिलच्या नियमाप्रमाणे 'यात सुकामेवा असू शकतो' अशी पाटी लागेल. दरवर्षी संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या गावात पुस्तक परत करायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ पडतो. काहींनी तर त्यासाठीच वाचनाची सवय लावून घेतली आहे.

हे सगळं मला मावशींचं नेहमीचं खूळ वाटायचं. एकदा मी हसत हसत बायकोजवळ तसं बोललो, तर ती हसली नाही. तिनं सांगितलं ते मला ठाऊकच नव्हतं. मावशी माझ्या सासूबाईंची पाठची सख्खी बहीण. जन्म मिरजेचा. मुंबईला दादरला थोरले काका होते, त्यांना मूल नव्हतं. मावशी चार वर्षांच्या असताना घरातल्या मोठ्यांनी ठरवलं आणि धाकटी मुलगी काका-काकूंना देऊन टाकली. त्या दिवसापासून दादरची काकू आई झाली आणि मिरजेची आई काकू झाली. कुणी वाईट नव्हतं. दादरच्या आईनं पोरीला तळहातावर जपलं, शिकवलं, नर्स केलं, विलायतेला पाठवलं. फक्त मे महिन्याच्या सुट्टीतसुद्धा तिला मिरजेला पाठवलं नाही. म्हणायची, एकदा गेली की ती परत यायची नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी कौन्सिलकडे एक पत्र आलं. इंग्लंडच्या पार उत्तरेला, नदीच्या काठावर, जहाजं बांधणारं एक गाव होतं. आता तिथं जहाजं बांधत नाहीत, पण चिंगी तिथल्या कारखान्यात बांधली होती. त्या गावातल्या जुन्या कामगारांच्या घरच्यांनी लिहिलं होतं, की घंटा आठवडाभरासाठी आमच्याकडे पाठवाल का? मावशींना सेक्रेटरी म्हणून प्रत मिळाली. त्यांनी पहिली ओळ वाचली, 'आमच्या गावात जन्मलेल्या जहाजाची घंटा आम्हाला मिळावी', आणि चष्मा काढला.

मी त्या संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो तो घर पेटलेलं. "जावईबापू, ऐकलंत? म्हणे जन्म दिला! अहो, जन्म दिला तो पैसे घेऊन दिला. ऑर्डर होती ती. मोजे कुणी विणले? डुक्कर कुणी विकलं? आणि आता आठवण आली यांना!"

"मावशी, आठवडाभरच मागतायत."

"आठवडाभर! एकदा गेली की ती परत यायची नाही."

हे बोलताना त्यांचा आवाज वेगळाच लागला. मला बायकोनं सांगितलेलं आठवलं.

दुसऱ्या दिवसापासून मावशींनी विरोधाच्या अर्जावर सह्या गोळा करायला सुरुवात केली. इंग्रज माणूस सह्या मागतो तेव्हा दुकानाबाहेर क्लिपबोर्ड धरून, तुमची हरकत नसेल तर, अशा चेहऱ्यानं उभा राहतो. मावशी घरात शिरायच्या, सोफ्यावर बसायच्या, चहा मागायच्या आणि सही होईपर्यंत समोरच्याच्या जन्माची हकिगत त्याच्या बायकोमुलांसमोर तपशिलात सांगायच्या. सगळं गाव फटाफट सह्या करून मोकळं झालं. एका गृहस्थानं तर दारात पाय ठेवायच्या आत सही केली आणि बायकोला हाक मारून तिचीही करून घेतली. मी त्या अर्जाच्या विरोधात होतो तरी माझीही सही त्यात आहे. त्यांची गाडी मीच चालवत होतो. त्यांच्या ताशी वीस मैलांच्या वेगानं ते गाव वर्षभरात संपलं नसतं.

घंटेचा निकाल लावायला कौन्सिलची सभा लायब्ररीच्या हॉलमध्ये भरली. खुर्च्या कमी पडल्या. मावशी पहिल्या रांगेत, मांडीवर सह्यांचा गठ्ठा, हातात चार पानी भाषण. कौन्सिलप्रमुखांना निकाल ठाऊकच होता, त्यांना फक्त जिवंत घरी पोचायचं होतं. पण सभेचा नियम म्हणून त्यांनी ते पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं, आणि पहिल्या ओळीवर न थांबता ते पुढं वाचत गेले.

पत्र त्या सगळ्यांच्या वतीनं पंच्याऐंशी वर्षांच्या एका बाईंनी लिहिलं होतं. त्यांचे वडील त्या कारखान्यात जहाजाच्या पत्र्यांना रिव्हेट ठोकायचे. बोट पाण्यात सोडली तेव्हा त्या चार वर्षांच्या होत्या, वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी ती जाताना पाहिली होती. पुढं लिहिलं होतं, "तुम्ही तिला सांभाळलंत, ती तुमचीच आहे. आम्हाला ती ठेवून घ्यायची नाही. पण आम्ही तिला पाण्यात सोडलं आणि त्यानंतर ती आम्हाला कधी दिसली नाही. कशी आहे ते एकदा बघावं असं वाटतं."

मावशी उभ्या राहिल्या. भाषण सुरू होणार म्हणून सगळे सावरून बसले.

"हे पत्रात आहे?" मावशींनी विचारलं.

"आहे," प्रमुख म्हणाले. "तुम्हाला प्रत पाठवली होती." आणि आयुष्यात पहिल्यांदाच मावशींची चूक काढली गेली हे लक्षात येऊन ते एक पाऊल मागे सरले.

मावशींनी चष्मा लावला, प्रमुखांच्या हातातून पत्र घेतलं आणि उभ्याउभ्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचलं. ओठ हलत होते. वाचून झाल्यावर त्यांनी पत्राची नीट घडी केली. आपण इतके दिवस कुणाचं वाक्य बोलत फिरत होतो हे त्यांना उमगलंय, हे मला त्यांच्या खाली गेलेल्या मानेवरून कळलं.

"शी गोज," त्या म्हणाल्या. "अँड आय गो विथ हर." आणि मग नेहमीच्या आवाजात, "ज्यांनी सह्या केल्यात त्यांनी त्या उद्यापर्यंत मागे घ्याव्यात."

पुढचे चार दिवस आम्ही पुन्हा दारोदार. मागच्या खेपेला झालेल्या सह्यांवर आता काट मारून घ्यायची होती. डॅरेननं आनंदानं मारली. म्हणाला, आधी कशावर सही केली तेच मला माहीत नव्हतं, त्यामुळे काही फरक पडत नाही.

कौन्सिलची व्हॅन मावशींना पसंत पडली नाही. मालाच्या गाडीतून लेकीला पाठवतात का? म्हणून चिंगी माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसली, सोलापुरी चादरीत गुंडाळून, सीटबेल्ट लावून, आणि शेजारी मावशी. सहा तासांचा रस्ता. हायवेवरच्या सर्व्हिसेसला चहापाण्यासाठी मी थांबलो तर मावशी उतरेनात. मला पाठवून चहा आणवला, तो गाडीतच घेतला, आणि त्याला नावंसुद्धा ठेवली नाहीत. तेव्हा मी खरोखर काळजीत पडलो.

नदीकाठच्या त्या गावात एका साध्या हॉलमध्ये चाळीसेक म्हातारी माणसं ठेवणीतले कोट घालून बसली होती. सँडविचेस मांडली होती. मी घंटा टेबलावर ठेवली आणि चादर काढली. व्हीलचेअरवरच्या एका बाईंना पुढं आणलं. त्याच त्या पत्रवाल्या.

"इतकीशीच होती? मला तर ती डोंगराएवढी आठवते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी घंटेवर हात ठेवला. वरून खाली, पुन्हा वरून खाली. घंटेच्या कडेला मावशींनी लावलेल्या कुंकवाचा लाल डाग होता, घासून न गेलेला. त्यावरही बोट फिरवलं आणि मावशींकडे वळून म्हणाल्या, "चांगली सांभाळलीत हो."

मावशींनी पिशवी उघडली. खण, तांदूळ, नारळ. सगळं चिंगीसाठी आणलेलं. ते हातात घेऊन त्या क्षणभर घुटमळल्या आणि मग वाकून त्यांनी त्या बाईंच्या मांडीवरच्या शालीत ओटी भरली, कपाळाला कुंकू टेकवलं. बाईंचा नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, हे कुणीतरी सांगायचा प्रयत्न केला. "झाली असतील," मावशी म्हणाल्या.

बाईंनी नारळ उचलून कानाशी हलवला. "याचं काय करायचं?"

"फोडायचा. उद्या काहीतरी गोड करून खा."

"कशानं फोडू?"

त्याबरोबर मागच्या रांगेतून तीन-चार म्हातारे एकदम उठले. त्या गावात हातोड्यांना तोटा नव्हता. आणि मग हॉलमध्ये पहिल्यांदा हसू फुटलं आणि सँडविचेसकडे लोक वळले. मावशींनी चिंगीला आठवडाभरासाठी तिथंच ठेवलं. कागदावर सही घ्या असं मी सुचवलं, तर म्हणाल्या, "कशाला? आणतील ना त्या."

परतीच्या वाटेवर मावशी माझ्या शेजारी पुढं बसल्या. मागची सीट रिकामी, चादर घडी करून त्यांच्या मांडीवर. लीड्स शहर मागे पडलं. मग त्या आपल्याआपणच बोलायला लागल्या, समोर बघत.

"मिरजेहून ती यायची, जावईबापू. दिवाळी झाली की एक दिवस. हातात चिवड्याचा डबा. मला इतकं पढवलेलं, की दार उघडलं की मी आत ओरडायची, आई, काकू आल्यात. ती हसायची. माझ्या केसांवरून हात फिरवायची, असा, वरून खाली. मग पाव्हणीसारखी खुर्चीत बसायची. चहा घ्यायची आणि जायची. मी इथं आल्यावर तिची पत्रं यायची. तीसुद्धा मी सगळी वाचली नाहीत. 'चिरंजीव' एवढं वाचलं की बंद करायची."

"का?" मी विचारलं.

"पुढं काय असेल ते वाचवलं नसतं."

मला त्यांच्या हातावर हात ठेवावासा वाटला, पण गाडी सत्तरच्या वेगात होती आणि आमचं नातं अहो-जाहोचं. मावशींनी चादरीची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"एकदा तरी तिला आई म्हणायला हवं होतं हो," त्या म्हणाल्या. "काय बिघडलं असतं? आई आत स्वयंपाकघरात असायची. तिला ऐकूही गेलं नसतं."